अपत्यांचा रकाना

"लेकरं किती?" ग्रामसेवकानं विचारलं.

"तीन," बापूराव थूल म्हणाले.

ग्रामसेवकानं कागदावर टेकवलेला पेन उचलला, त्याला टोपण लावलं आणि थोडा वेळ खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघत बसला. मग त्यानं पुन्हा विचारलं, "बापूराव, नीट इचार करून सांगा. लेकरं किती?"

"तीन म्हंजे तीन. अश्विन, भूपेंद्र न मयुरी. तुमाले काय मालूम नाई का? परवा मयुरीनंच तुमच्या सायकलची हवा सोडलती."

"ते तिनं केलतं का?" ग्रामसेवक म्हणाला. पण हा विषय वाढवण्याची ती वेळ नव्हती. "हे पाहा, बारा सप्टेंबर दोन हजार एकच्या नंतर तिसरं लेकरू झालं असन, तं मानसाले उभं राहता येत नाई. कायदा हाये. मयुरी कवाची?"

"दोन हजार दोनच्या जानेवारीतली."

"मंग तुमाले लेकरं दोनच हायेत," ग्रामसेवक शांतपणे म्हणाला. "न हे तुमाले माह्याहून जास्त मालूम हाये."

ते खरंच होतं.

अल्लीपूरच्या पलीकडे असलेल्या या गावात बापूरावांना मेंबर व्हायचंय हे लहान पोरालाही ठाऊक होतं. गावाचा विकास वगैरे ते बोलत, पण मनातली खरी गोष्ट साधी होती. ग्रामपंचायतीत भिंतीला लागून ज्या नऊ खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर त्यांना हक्कानं बसायचं होतं. पहिल्यांदा ते तयार झाले, तेव्हा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. "मंग तूच उभी राह्य," असं त्यांनी बायकोला, तानाबाईला, सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "मी या घराची सरपंच हावच. मले खालची जागा कायले पाहिजे?" दुसऱ्या वेळी एसटी पंक्चर झाली आणि बापूराव तहसीलमध्ये तीन वाजून दहा मिनिटांनी पोचले. अर्ज घेण्याची वेळ तीनपर्यंत होती. आता २००९ साली त्यांच्या वॉर्डाच्या मेंबरला नागपूरला नोकरी लागली, जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक जाहीर झाली. बापूराव बावन्न वर्षांचे होते. मतदार यादीचा उतारा, घरकर भरल्याचा दाखला, अनामतीची पावती, सूचकाची सही, सगळं त्यांनी एका पिशवीत आठ दिवस आधीच गोळा केलं होतं. राहिला होता तो फक्त अपत्यांचा रकाना.

मयुरी ही खरं तर त्यांच्या धाकट्या भावाची, धीरजची मुलगी. धीरज ट्रकच्या अपघातात गेला, तेव्हा ती पोटात होती. आणि ती बारा दिवसांची असताना तिची आईही वर्ध्याच्या दवाखान्यात वारली. तिथून बापूराव आणि तानाबाई त्या पोरीला टॉवेलात गुंडाळून एसटीनं घरी घेऊन आले. वाटेत कंडक्टरनं सहज विचारलं, "कितवं हो काका?" बापूराव म्हणाले, "तिसरं."

त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं मोठं खोटं. पुढे रेशनकार्डावर, शाळेच्या रजिस्टरात, पाहुण्यारावळ्यांत ते इतक्यांदा बोललं गेलं, की त्यांच्यापुरतं ते खोटं राहिलंच नाही. त्यांनी सगळ्या गावाला, अगदी पिठाच्या गिरणीवाल्यालासुद्धा, एकेकाला गाठून बजावलं होतं, "पोरीले कळलं नाई पाहिजे बाप्पा." गावानं मान डोलावली होती. बापूरावांना आयुष्यात फार थोड्या गोष्टींची भीती वाटे, त्यात ही पहिल्या नंबरावर होती. एक दिवस मयुरीला कळेल आणि ती आपल्याकडे पाहुण्यासारखी बघायला लागेल, ही.

"सोपं हाये," ग्रामसेवक म्हणाला. "वर्ध्याहून पोरीच्या जन्माचा दाखला आना. त्याच्यावर बापाचं नाव धीरज असनच. खिशात ठेवा. कोनी हरकत घेतली तं दाखवा, नाईतं खिशातल्या खिशात घरी वापस. रकान्यात दोन लिहा."

घरी येऊन त्यांनी तानाबाईला हळू आवाजात सगळं सांगितलं. ती चुलीपुढे भाकर थापत होती.

"पोरीले कळलं नाई पाहिजे," ते म्हणाले.

"नाई कळनार."

"कधीच."

"म्हनलं ना, नाई कळनार." तानाबाईनं तव्यावरची भाकर उलटली आणि पदरानं तोंड पुसलं. ती हसत होती, ते बापूरावांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला एकट्यानं जायचं ठरलं होतं, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या आणि मयुरीला घरी ठेवून एसटीत बसणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. "माहे बाबा मेंबर होऊन राह्यले," असं तिनं आख्ख्या दुसरीच्या वर्गाला परीक्षेच्या काळातच सांगून टाकलं होतं. वाटभर तिनं दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचली. तिला वाचता येतं या गोष्टीचा बापूरावांना आतापर्यंत अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदाच काळजी वाटली.

नगरपालिकेत अर्ज देऊन ते बाकावर बसले. तासाभरानं खिडकीतल्या बाईंनी हाक मारली, "मयुरी धीरज थूल!"

बापूराव छताच्या पंख्याकडे बघू लागले.

"मयुरी धीरज थूल! कुणाचा दाखला आहे?"

"बाबा, तुमाले बोलावून राह्यले," मयुरी म्हणाली.

"आपलं नसन ते. दुसरी कोनी असन मयुरी."

"थूल म्हनून राह्यल्या त्या."

"वर्ध्यात थूल काय कमी हायेत का?"

बाईंनी तिसऱ्यांदा हाक मारली आणि आता दाखला आतल्या फायलीत जाईल असं सुनावलं. बापूरावांनी उठावं तर पंचाईत, न उठावं तर मेंबरकी गेली. तेवढ्यात मयुरी बाकावरून उतरली, तरातरा खिडकीशी गेली, टाचा उंच करून कागद घेतला, न वाचता त्याच्या चार घड्या घातल्या आणि आणून बापूरावांच्या हातात दिला. "घ्या. खिशात ठेवा. आता मले शरबत पाजा."

दिसेल ते वाचणाऱ्या पोरीनं हाच एक कागद का वाचला नाही, हा प्रश्न बापूरावांना पडायला हवा होता. पण सुटलो या आनंदात त्यांनी तिला दोन ग्लास शरबत पाजलं आणि एरवी देवाला न मानणारे असूनही त्या दिवशी देवदयेनं वाचलो असं म्हणता म्हणता राहिले.

हिंगणघाटच्या तहसीलमध्ये अर्ज भरताना त्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. "दोन" हा शब्द लिहायला त्यांना एवढा वेळ लागला, की मागे रांगेत उभा असलेला दुसऱ्या गावचा उमेदवार म्हणाला, "काका, घरी जाऊन लेकरं मोजून येता का?" शेवटी त्यांनी लिहिलं. बाकी सगळ्या अर्जात अक्षर टपोरं होतं, तेवढा एक शब्द मुंगीएवढा होता.

वॉर्डात अर्ज दोनच आले. एक बापूरावांचा आणि दुसरा समोरच्या घरातल्या बंडूजींचा. बंडूजींचं किराणा दुकान होतं. सकाळचा चहा दोघं रोज एकत्र घेत, आणि निवडणूक लागली म्हणून त्यात खंड पडला नव्हता. गडबड नेमकी त्यातूनच झाली. छाननीच्या आदल्या दिवशी बंडूजी कपात तोंड घालून म्हणाले, "बापू, लोकं म्हनून राह्यले का आपली मिलीभगत हाये. म्हंतात, दोघं एका बशीत चाय पेतात, काय लढतीन. मले काहीतरी हरकत घ्या लागते."

"घे ना मंग. कायची घेतं?"

"तिसऱ्या लेकराची घेतो. तुह्याजवळ दाखला हायेच. मी हरकत घेईन, तू कागद दाखवजो, पाच मिनिटांत दोघंही मोकळे. मंग स्टँडवर आलूबोंडा खाऊ."

"जमते," बापूराव म्हणाले.

"एक हाये पन. हरकतीले पुरावा जोडा लागते. तुह्या राशनकार्डाची झेराक्स दे."

आपल्याविरुद्धच्या हरकतीला लागणारा पुरावा उमेदवारानं स्वतः घरातून काढून दिला. झेरॉक्सही त्यांनीच काढून आणली, कारण बंडूजींना दुकान सोडून जाता येत नव्हतं.

छाननीच्या सकाळी बापूराव बसमध्ये चढले, तर पहिल्याच सीटवर दिवाळीचा फ्रॉक घालून मयुरी बसलेली. "मले छाननी पायची हाये," ती म्हणाली. खाली उभ्या असलेल्या तानाबाईनं खिडकीतून डबा दिला आणि म्हणाली, "न्या तिले. चार दिवसांपासून फराक धून ठेवला हाये पोट्टीनं." त्याच बसनं निघालेल्या बंडूजींच्या कानात बापूराव म्हणाले, बाहेर निंबाखाली बसवू. बंडूजींनी मान डोलावली. त्यांनाही तो विचार पटला.

पण तहसीलमधला शिपाई भला माणूस निघाला. "इतक्या उन्हात लेकराले बाहेर कायले बसवता?" म्हणून त्यानं मयुरीला हाताला धरून आत आणलं आणि पंख्याखालच्या बाकावर बसवलं. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. ती ते हलवत बसली.

निवडणूक अधिकारी नायब तहसीलदार होते, चष्मेवाले, मोजकं बोलणारे. त्यांनी हरकत वाचून दाखवली. उमेदवारास दोनपेक्षा अधिक अपत्ये असून तिसरे अपत्य मयुरी हिचा जन्म विहित तारखेनंतरचा आहे, सोबत रेशनकार्डाची प्रत. "थूल, यावर तुमचं काय म्हणणं आहे? ही मयुरी तुमची मुलगी आहे का?"

बापूरावांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. चार घड्यांचा कागद बोटांना लागला. पाच मिनिटांचं काम होतं. त्यांनी बाकाकडे पाहिलं. मयुरीनं पाय हलवणं थांबवलं होतं आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"हो साहेब," बापूराव म्हणाले. "माहीच पोरगी हाये."

बंडूजींनी खोकून दाखवलं. मग आणखी एकदा खोकले. मग न राहवून म्हणाले, "बापू, कागद."

"कोनता कागद?"

"अबे खिशातला."

"हरकत कोणाची आहे?" साहेबांनी विचारलं.

"माही, साहेब."

"मग तुम्ही गप्प बसा. सगळं तुमच्याच बाजूनं चाललंय."

"साहेब, मी हरकत वापस घेतो," बंडूजी रडवेले होऊन म्हणाले. "हा खोटं बोलून राह्यला. त्याले दोनच लेकरं हायेत. सारं गाव सांगन."

"पुरावा तुम्हीच जोडलाय ना?"

"त्यानंच देला, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी उमेदवारांना लेकरं लपवताना पाहिलं होतं, काहींना तर कागदोपत्री मामाकडे देऊन टाकतानाही पाहिलं होतं. नसलेलं लेकरू अंगावर घेणारा पहिल्यांदाच समोर उभा होता. "हे बघा, उमेदवारानं माझ्यासमोर स्वतः कबूल केलंय," ते म्हणाले. "आता मी ते ऐकलंच नाही असं कसं करू?"

तेव्हा मयुरी बाकावरून उतरून टेबलापाशी आली. टेबल तिच्या हनुवटीपर्यंत येत होतं.

"साहेब, मी याहिची पोरगी नाई हाव," ती म्हणाली. शाळेत पाठ म्हणावा तसं, एका दमात. "माह्या बाबांचं नाव धीरज होतं. ते मेले. माही आई बी मेली. हे माहे मोठे बाबा हायेत. दाखला याहिच्या खिशात हाये. म्याच आनलता खिडकीवरून. याहिचा फारम पास करा."

बापूराव मागची खुर्ची चाचपून बसले.

"तुले कोनं सांगतलं हे?"

"मायनं. मी पयलीत होतो तवाच."

"न मंग मले काऊन नाई सांगतलं?"

मयुरीनं साहेबांकडे पाहिलं, बंडूजींकडे पाहिलं, मग फ्रॉकची झालर बोटाला गुंडाळत म्हणाली, "माय म्हने तुमाले कळलं नाई पाहिजे. तुमाले वाईट वाटन."

बापूरावांनी बंडूजींकडे पाहिलं. बंडूजी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते.

"तुले बी मालूम होतं का, हिले मालूम हाये म्हनून?"

"अख्ख्या गावाले मालूम हाये बापू," बंडूजी पुटपुटले. "तानावहिनीनं घरोघरी जाऊन सांगतलतं, का यायच्यासमोर कोनी काही बोलू नका."

सात वर्षं ज्या गावाला बापूराव एकेकाला गाठून बजावत आले होते, ते गाव दोन वर्षांपासून त्यांनाच सांभाळून घेत होतं. एरवी कुणाचं गुपित संध्याकाळपर्यंत न टिकवणाऱ्या गावानं हे एवढं एक टिकवलं होतं. बापूरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, "थूल, मुलगी लहान आहे, तिचा जबाब मला धरता येत नाही. पण दाखला असेल तर टेबलावर ठेवा. अर्ज लगेच वैध करतो. तिला सगळं माहीतच आहे, मग आता अडचण काय?"

अडचण खरंच नव्हती. मयुरी हातानं खुणावत होती, काढा, काढा. बंडूजी हात जोडून उभे होते. उमेदवार निवडणुकीत राहावा म्हणून त्याच्या विरोधकानं हात जोडल्याचं त्या कचेरीनं आधी कधी पाहिलं नसेल.

बापूराव उठले. "साहेब, मी घरून निघालो तवा दाखवनारच होतो. पोरीले कळन एवढंच भेव होतं. आता तिले मालूम हाये, न तरी ती मले बाबाच म्हनते. अशा पोरीच्या देखत मी कागद काढू, का ही माही नाई? एका खुर्चीसाठी?" त्यांनी खिशावर हात ठेवला. "दाखला नाई माह्याजवळ. तीन लिहून घ्या."

"खिसा दिसतोय मला, थूल."

"त्यात तिकीट हाये एसटीचं."

साहेबांनी चष्मा लावला आणि लिहिलं, उमेदवाराने तीन अपत्ये असल्याचे समक्ष मान्य केले, सबब अर्ज अवैध. सही करण्याआधी त्यांनी मयुरीला विचारलं, "कितवीत आहेस?"

"तिसरीत जाईन," मयुरी रागानं म्हणाली. तिचा सगळा राग त्या सहीवर होता.

स्टँडवर बंडूजींनी तीन प्लेट आलूबोंडे मागवले. बापूरावांना भूक नव्हती आणि बंडूजींना घास उतरत नव्हता. ते आता बिनविरोध मेंबर झाले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुतक आलं होतं. "मी तं तुह्यासमोर पडाले उभा होतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "निवडून याले थोडीच उभा होतो? दुकान कोन पाहीन माहं?" मयुरीनं तीनही प्लेटा संपवल्या, पण बापूरावांशी एक शब्द बोलली नाही. बसमध्येही ती बंडूजींच्या शेजारी बसली. एकही पाटी वाचली नाही. बापूरावांनी मागच्या सीटवरून दोनदा हाक मारली. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बापूरावांना मात्र त्या रुसव्यानं मनातून फार बरं वाटत होतं. पाहुणे असं रुसत नाहीत.

घरी तानाबाई अंगणात उभीच होती. नवऱ्याचा चेहरा पाहून काहीतरी बिनसलं एवढं तिला कळलं, पण त्या चेहऱ्यावर दुःख का नाही हे कळेना.

"काय झालं?"

"फारम उडाला," बापूराव म्हणाले.

"आता गं मा. दाखला होता ना तुमच्याजवळ? मंग काऊन उडाला?"

बापूराव काय सांगावं याचा विचार करत चप्पल काढत राहिले. मयुरी त्यांच्या बाजूनं फणकाऱ्यानं पुढे गेली, हातातला रिकामा डबा तिनं तानाबाईच्या हातात ठेवला आणि आत जाता जाता म्हणाली,

"तीन लेकरं हायेत ना याहिले, म्हनून."